जीकिड्स : पहिल्या शुक्रवारापुढचा हिशोब

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी जपानच्या 'तोहो' कंपनीने न्यूयॉर्कची 'जीकिड्स' ही वितरण कंपनी शंभर टक्के विकत घेत असल्याचं जाहीर केलं. तोहो ही १९३२ साली सुरू झालेली, गॉडझिलाला जन्म देणारी, स्वतःचे स्टुडिओ आणि स्वतःची थिएटरं असलेली बलाढ्य कंपनी. जीकिड्सकडे यातलं काहीच नव्हतं. ज्या चित्रपटांमुळे तिचं नाव झालं ते जवळपास सगळे दुसऱ्यांनी बनवलेले. त्यांचे हक्क ठरावीक प्रदेशापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते घेतलेले. मुदत संपली की हक्क मूळ मालकाकडे परत. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत सांगायचं तर भाड्याच्या गाळ्यात दुसऱ्याचा माल विकणारं दुकान. मग तोहोने विकत घेतलं ते नेमकं काय?

मला हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते या एका प्रश्नासाठी. चित्रपट कसा बनला यावर आपण रात्र रात्र बोलतो. तो माणसांपर्यंत कसा पोचला, कुणी पोचवला, पोचवताना कुणाचे पैसे बुडाले, यावर फारसं कुणी बोलत नाही. आणि चांगले चित्रपट मरतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर.

नावातला गनिमी कावा

गोष्ट १९९७ पासून सुरू होते. त्या वर्षी एरिक बेकमन आणि एमिली शापिरो यांनी न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू केला. युरोप, जपान, दक्षिण अमेरिका, मिळेल तिथून चित्रपट आणायचे आणि मुलांना त्यांच्या आईबापांसकट दाखवायचे. दहा-अकरा वर्षं हे चाललं. एखादा चित्रपट महोत्सवात गर्दी खेचायचा, मुलं खुर्चीत गुडघ्यावर उभी राहून बघायची, आणि महोत्सव संपला की तो चित्रपट अमेरिकेतून गायब. त्याला वितरकच मिळायचा नाही.

वितरकांचंही अगदी चुकत होतं असं म्हणता येत नाही. तेव्हा अमेरिकेत ॲनिमेशनचा धंदा म्हणजे दहा-पंधरा कोटी डॉलर खर्चून संगणकावर बनवलेला, हजारो थिएटरांत एकाच शुक्रवारी लागणारा कौटुंबिक चित्रपट. डिस्नेने २००४ मध्ये हाताने चितारलेले चित्रपट बनवणं थांबवलं होतं. अशा बाजारात फ्रेंच भाषेतला, हाताने काढलेला, ज्यात एकही प्राणी गाणं म्हणत नाही असा चित्रपट घेऊन कोण उभं राहणार?

२००८ मध्ये बेकमन उभे राहिले. कंपनीच्या नावातला 'जी' म्हणजे गुरिल्ला : गुरिल्ला किड्स इंटरनॅशनल डिस्ट्रिब्यूशन सिंडिकेट. हा शब्द वाचल्यावर मराठी माणसाच्या डोक्यात जे येतं तेच इथे लागू पडतं. फौज लहान असेल तर मैदानात समोरासमोर जायचं नाही, लढाईची जागा आपण निवडायची. पहिला चित्रपट होता फ्रेंच दिग्दर्शक मिशेल ओस्लो यांचा 'अझूर अँड अस्मार'.

वितरणाचा हिशोब थोडा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वितरक निर्मात्याकडून हक्क घेतो. त्यासाठी बरेचदा किमान हमीची रक्कम आधी मोजावी लागते, तिला आपल्याकडे एमजी म्हणतात. मग प्रिंट किंवा डिजिटल प्रती, पोस्टर, जाहिराती यांचा खर्च. तिकीटबारीवर जे जमतं त्यातला साधारण निम्मा थिएटरवाला ठेवतो. उरलेल्यातून वितरकाने आधी आपला खर्च वळता करायचा, मग निर्मात्याचा वाटा द्यायचा. मोठ्या चित्रपटाचा खर्च मुख्यतः जाहिरातीत जातो आणि तो पहिल्या तीन दिवसांत वसूल व्हावा लागतो. लहान वितरकाने तीच चाल खेळली तर दुसऱ्या चित्रपटाला तो शिल्लकच राहत नाही. जाहिरात फुकटात किंवा अगदी स्वस्तात मिळवणं हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो.

सोळावा चित्रपट

तो प्रश्न सुटला तो ऑस्करच्या एका नियमामुळे. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं पारितोषिक २००१ च्या चित्रपटांपासून सुरू झालं. तेव्हाचा नियम असा की वर्षभरात पात्र चित्रपट सोळा किंवा त्याहून जास्त असतील तरच पाच नामांकनं, नाहीतर तीनच. २००९ मध्ये पात्र चित्रपट वीस निघाले. पाच जागा झाल्या. पात्र व्हायला काय लागत होतं? लॉस एंजेलिस परिसरातल्या थिएटरात सलग सात दिवस पैसे घेऊन खेळ. पात्रतेची अट एवढीशी होती आणि ती लहान कंपनीलाही परवडत होती.

जीकिड्सकडे त्या वेळी होता आयर्लंडच्या किल्केनी गावातल्या 'कार्टून सलून' या स्टुडिओचा 'द सीक्रेट ऑफ केल्स'. नवव्या शतकातलं एक हस्तलिखित, ते रंगवणारे भिक्षू आणि एक लहान मुलगा. चित्रपटातली झाडं, नद्या, भिंती सगळं त्या जुन्या पोथीतल्या नक्षीसारखं वळणावळणांचं, जवळजवळ सपाट. २ फेब्रुवारी २०१० ला नामांकनं जाहीर झाली आणि 'अप', 'कोरालाइन', 'फँटास्टिक मिस्टर फॉक्स', 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' यांच्या पंगतीत पाचवं पान या चित्रपटाला मिळालं. पारितोषिक 'अप'ला गेलं. पण त्या सकाळी अमेरिकेतला प्रत्येक चित्रपट-पत्रकार विचारत होता की हा पाचवा चित्रपट कोणता, आणि तो आणला कुणी?

पात्रतेपुरते सात दिवस आधीच झाले होते, मार्चमध्ये चित्रपट रीतसर लागला. एका वेळी थोडी थिएटरं, तिथे चालला की तीच प्रत पुढच्या शहरात. अमेरिकेतली एकूण कमाई सात लाख डॉलरच्या आत. हॉलिवूडच्या दृष्टीने हा आकडा चहापाण्याचा. पण ज्या चित्रपटाचं कुणी नाव घेतलं नसतं त्याचं ते नाव झालं, आणि जाहिरातीवर कोट्यवधी न उधळता झालं.

कंपनीने यातून जे ओळखलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या काळी या विभागाची नामांकनं एक समिती ठरवायची. सदस्यांना चित्रपट प्रत्यक्ष बघून गुण द्यावे लागायचे. म्हणजे मतदाराने चित्रपट बघितलेला असणार याची खात्री होती. जीकिड्सला एवढंच हवं होतं. २०१२ मध्ये पाचपैकी दोन नामांकनं त्यांची : 'अ कॅट इन पॅरिस' आणि 'चिको अँड रिटा'. २०१४ मध्ये 'अर्नेस्ट अँड सेलेस्टीन'. २०१५ मध्ये पुन्हा दोन, २०१६ मध्ये पुन्हा दोन, २०१७ मध्ये एक. आठ सोहळ्यांत नऊ नामांकनं. एकाही चित्रपटाला ऑस्करची बाहुली मिळाली नाही आणि तरी प्रत्येक नामांकनाने त्या चित्रपटाला काही महिने थिएटरात जागा मिळवून दिली.

२०१७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने नियम बदलला. नामांकनाचं मत सगळ्या सदस्यांना खुलं झालं. वरवर बघता ही लोकशाही, पण ज्याने पाच चित्रपट बघितलेच नाहीत तोही आता घरच्या मुलांनी बघितलेल्या चित्रपटाला मत देऊ लागला, असं माझं मत. पुढच्या सात सोहळ्यांत जीकिड्सला चारच नामांकनं मिळाली. बड्या कंपन्यांचं प्रचारबळ आणि नेटफ्लिक्ससारख्यांचं आगमन हीही कारणं आहेतच. जुनी वाट अरुंद झाली, एवढं खरं. सुदैवाने तोवर दुसरी वाट तयार होती.

तलवार, कात्री आणि अननस

दुसऱ्या वाटेचं नाव स्टुडिओ जिब्ली. हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता यांच्या या स्टुडिओला अमेरिकेचा अनुभव कडू होता. मियाझाकींचा 'नॉसिका' १९८५ मध्ये तिथल्या एका कंपनीने वीसेक मिनिटं कापून, नाव बदलून, भलत्याच वीरकथेसारखा विकला होता. तेव्हापासून जिब्लीची एकच अट : कात्री लावायची नाही. पुढे 'प्रिन्सेस मोनोनोके' अमेरिकेत जाताना मिरामॅक्स या वितरण कंपनीच्या प्रमुखाला जिब्लीचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी खरीखुरी जपानी तलवार भेट दिली, 'कापायचं नाही' या निरोपासह. मियाझाकींनीच एका मुलाखतीत या प्रसंगाला दुजोरा दिला होता, तलवार आपल्या निर्मात्याने पाठवली असं सांगून.

१९९६ पासून जिब्लीचा करार डिस्नेशी होता. 'स्पिरिटेड अवे'ला २००३ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा अमेरिकेत तो डिस्नेचाच होता. डिस्नेने चित्रपट चांगले सांभाळले, डीव्हीडी काढल्या. पण दर वर्षी स्वतःचा नवा चित्रपट आणणाऱ्या कंपनीला वीस वर्षं जुना 'तोतोरो' पुन्हा पडद्यावर लावण्यात काय रस असणार? २०११ मध्ये जिब्लीच्या जुन्या चित्रपटांचे उत्तर अमेरिकेतले थिएटर-हक्क जीकिड्सकडे आले. घरी बघायच्या डिस्कचे हक्क डिस्नेकडेच राहिले. म्हणजे ज्यातून पैसे येतात ते त्यांच्याकडे आणि ज्यात मेहनत जास्त ते यांच्याकडे, असा तो सौदा दिसत होता.

त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या आयएफसी सेंटर या थिएटरात नव्या ३५ मिलिमीटर प्रिंटवर जिब्लीचे चित्रपट लागले आणि मग ते प्रिंट शहराशहरांत फिरले. मला ही जोखीम विशेष वाटते. घरोघरी डिस्क असलेल्या चित्रपटाची नवी फिल्म प्रिंट काढणं हा शहाण्या हिशोबनिसाच्या मते निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. पण जिब्लीच्या माणसांना त्यातून जे कळायचं ते कळलं.

विश्वास एका फटक्यात आला नाही. २०१३ मध्ये 'फ्रॉम अप ऑन पॉपी हिल' जीकिड्सला मिळाला, पण पाठोपाठ आलेला मियाझाकींचा 'द विंड राइजेस' गेला डिस्नेकडे. मोठा घास अजून मोठ्यांनाच. पुढच्या वर्षी ताकाहातांचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' जीकिड्सकडे आला आणि मग 'व्हेन मार्नी वॉज देअर'. दोन्हींना नामांकन मिळालं.

आणि मग 'ओन्ली यस्टरडे'. या चित्रपटापाशी मी जरा थांबतो, कारण वितरक म्हणजे काय ते मला इथे समजलं. ताकाहातांचा हा चित्रपट १९९१ चा. टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची ताएको सुट्टी काढून यामागाताच्या शेतावर करडईची फुलं खुडायला जाते आणि वाटेत तिला १९६६ सालची, पाचवीत शिकणारी ती स्वतःच भेटत राहते. एका प्रसंगात घरात पहिल्यांदाच ताजं अननस येतं. ते कापायचं कसं कुणाला ठाऊक नाही. कसं कापायचं ते माहीत करून घेऊन अख्खं कुटुंब देवघरात बसावं तसं भोवती बसतं, फोडी वाटल्या जातात, सगळे एकदम तोंडात घालतात. अननस कच्चं निघतं. एकेक जण उठून जातो आणि ताएको एकटी हट्टाने चावत राहते.

मी हा प्रसंग आईसोबत पाहिला. तिला ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं एवढंच माहीत होतं, आधी ती उठून स्वयंपाकघरात जायच्या बेतात होती. अननस आलं आणि ती परत बसली. म्हणाली, "आमच्याकडे पहिल्यांदा आलं तेव्हा काकांनी डोळ्यांसकट चिरलं होतं. सगळ्यांच्या जिभा सोलल्या. पण महाग होतं ना, कुणी बोललं नाही." नंतर ती शेवटपर्यंत हलली नाही.

या चित्रपटात वर्गातल्या मुली मासिक पाळीबद्दल बोलतात. कात्री लावायची नाही ही जिब्लीची अट, आणि मुलांच्या चित्रपटात हा विषय ठेवायचा नाही हा तिथल्या मोठ्या कंपन्यांचा दंडक. परिणामी चित्रपट अमेरिकेच्या थिएटरांत पंचवीस वर्षं रीतसर लागलाच नाही. २०१६ मध्ये जीकिड्सने तो लावला, डेझी रिडली आणि देव पटेल यांच्या आवाजात इंग्रजी डबिंग करून, आणि एक फ्रेमही न कापता. त्यातून काही घबाड मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. मला वाटतं, तोहोने आठ वर्षांनी जे विकत घेतलं त्याचा मोठा हिस्सा अशाच कामांतून जमलेला होता. निर्मात्याला कळतं की हा माणूस आपला माल कसा हाताळतो.

नाटकासारखा चित्रपट

२०१४ मध्ये जिब्लीने नव्या चित्रपटांना विराम दिला. नवा माल बंद. वितरकासाठी हा कठीण काळ असायला हवा होता. जीकिड्सने नेमक्या याच काळात आपल्या वाढीचा पाया घातला, आणि ती पद्धत मराठी वाचकाला समजावून सांगायला फार सोपी आहे.

आपल्याकडे नाटक कसं चालतं? रोज तीन खेळ, शुक्रवार ते गुरुवार, असं नाही. शनिवारी पेपरात जाहिरात बघायची, बालगंधर्वला किंवा गडकरीला रविवारी प्रयोग असतो, जायचं. महिन्याभराने तोच प्रयोग दुसऱ्या शहरात. नाटक वर्षानुवर्षं जगतं, आई मुलीला घेऊन जाते, मुलगी पुढे आपल्या मैत्रिणींना. तारीख एकच असल्यामुळे नाट्यगृह भरलेलं असतं आणि भरलेल्या नाट्यगृहात बसण्याची मजाच वेगळी.

२०१७ मध्ये जीकिड्सने 'फॅदम इव्हेंट्स'सोबत 'स्टुडिओ जिब्ली फेस्ट' सुरू केला. फॅदम ही अमेरिकेतल्या तीन बड्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची सामाईक कंपनी. ऑपेराचं थेट प्रक्षेपण, जुने चित्रपट असे एक-दोन दिवसांचे खेळ ती देशभर लावते. पहिल्या वर्षी सहा चित्रपट, महिन्याला एक. एका दिवशी इंग्रजी डबिंग, दुसऱ्या दिवशी मूळ जपानी आणि खाली उपशीर्षकं. लहान मुलांसाठी एक दिवस, निष्ठावंतांसाठी दुसरा. मल्टिप्लेक्सला पूर्ण आठवडा द्यायचा नसल्याने त्याची तक्रार नाही, शिवाय कमी गर्दीच्या वेळेला पडदा भरून मिळतो. वितरकाला जाहिरात कमी लागते, कारण वर्षाचं वेळापत्रक एकदाच जाहीर होतं. आणि प्रेक्षकाला तारीख पाळायची सवय लागते. दर वर्षी पुन्हा फेस्ट, पुन्हा 'तोतोरो', पुन्हा 'किकी'.

त्याच वर्षी डिस्नेकडचे डिस्कचे हक्कही जीकिड्सकडे आले. सहा वर्षांपूर्वी जो सौदा अर्धा होता तो पुरा झाला. डिसेंबर २०१९ मध्ये चित्रपट डिजिटल खरेदीसाठी आले आणि २७ मे २०२० रोजी एचबीओ मॅक्स ही स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली ती पहिल्या दिवसापासून जिब्लीचे चित्रपट घेऊन. अमेरिकेत तोवर जिब्ली स्ट्रीमिंगला नकार देत आली होती. क्रम बघण्यासारखा आहे : आधी थिएटर, मग डिस्क, मग डिजिटल खरेदी, सगळ्यात शेवटी स्ट्रीमिंग. बाकीचा धंदा नेमका उलट्या दिशेने पळत होता. कोविडमध्ये थिएटरं बंद पडली तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या चित्रपटांचा असा साठा होता ते तगले.

अमेरिका, कॅनडा आणि जपान वगळून बाकीच्या जगासाठी जिब्लीचे चित्रपट फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या तीन महिन्यांत नेटफ्लिक्सवर आले, म्हणून आपण ते टाळेबंदीत घरबसल्या बघितले. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं जिब्लीशी नातं तिथून सुरू झालं. पण आपल्या थिएटरांतली एक गोष्ट त्याआधीची आहे. माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतात लागावा म्हणून इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन अर्ज चालवला, पन्नास हजारांहून अधिक सह्या जमवल्या, आणि ११ ऑक्टोबर २०१९ ला तो मूळ जपानीत आपल्याकडे लागला. अमेरिकेत तोच चित्रपट जीकिड्सने जानेवारी २०२० मध्ये लावला आणि सुमारे ८० लाख डॉलर कमावले. म्हणजे या एका चित्रपटाच्या बाबतीत आपण अमेरिकेच्या तीन महिने पुढे होतो. प्रेक्षक इथेही होता. त्याची तारीख ठरवून, वर्षानुवर्षं त्याला सांभाळणारं कुणी नव्हतं.

मोठे मासे

धंदा दिसला की मोठे येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये सोनीने क्रंचीरोल ही ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, स्ट्रीमिंग कंपनी ११७ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. त्याच वर्षी 'डेमन स्लेयर'च्या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत दोन कोटींवर डॉलर जमवले होते. आता जपानी निर्मात्याकडे पर्याय होता : जगभराचे हक्क एकाच तगड्या कंपनीला द्यायचे. 'वेदरिंग विथ यू' ज्यांनी जीकिड्सला दिला, त्या शिंकाईंचा पुढचा 'सुझुमे' २०२३ मध्ये क्रंचीरोलकडे गेला. स्वतंत्र वितरकाच्या आयुष्यातलं हे सगळ्यात बोचणारं दुःख असावं. रोप तुम्ही लावायचं आणि फळ आलं की कुंपणापलीकडचा तोडून नेणार.

या काळात जीकिड्सने हात पसरले : 'इव्हँगेलियन' मालिकेच्या डिस्क, मामोरू होसोदांचा 'बेल', मासाआकी युआसांचा 'इनु-ओह', 'द फर्स्ट स्लॅम डंक'. यादी बघताना एक बदल मात्र स्पष्ट दिसतो. आयर्लंड, फ्रान्स, ब्राझीलचे चित्रपट पूर्वी यादीच्या मध्यभागी होते, आता जपान मध्यभागी आला. त्यामागचा हिशोब मला समजतो, पण ते मला आवडलेलं नाही.

मग आला 'द बॉय अँड द हेरॉन'. मियाझाकी निवृत्तीतून परतले होते. जपानमध्ये १४ जुलै २०२३ ला हा चित्रपट एक पोस्टर सोडलं तर काहीही जाहिरात न करता लागला. २०१३ मध्ये मियाझाकींचा चित्रपट डिस्नेकडे गेला होता, या वेळी जीकिड्सकडे आला. सप्टेंबरमध्ये टोरांटो महोत्सवाचं उद्घाटन त्याने झालं. ८ डिसेंबरला अमेरिका आणि कॅनडात दोन हजारांहून अधिक थिएटरांत, आयमॅक्ससह, आणि डबिंगला क्रिश्चन बेल, रॉबर्ट पॅटिन्सन यांच्यासारखी नावं. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक कोटी २८ लाख डॉलर आणि तिकीटबारीवर पहिला क्रमांक. कुठल्याही मालिकेचा पुढचा भाग नसलेल्या ॲनिमेपटाने तिथे तो पहिल्यांदाच मिळवला होता. शेवटी एकूण कमाई साडेचार कोटींच्या वर गेली. 'केल्स'च्या सात लाखांपासून इथवर चौदा वर्षं लागली.

१० मार्च २०२४ ला ऑस्कर मिळालं. तेराव्या नामांकनाला पहिली बाहुली. मियाझाकी सोहळ्याला आलेच नव्हते.

तोहोने काय घेतलं

त्याच रात्री आणखी एका जपानी चित्रपटाला ऑस्कर मिळालं : 'गॉडझिला मायनस वन', दृश्य परिणामांसाठी. तो तोहोने अमेरिकेत स्वतः लावला होता, १ डिसेंबर २०२३ ला, 'हेरॉन'च्या एक आठवडा आधी. 'हेरॉन' पहिल्या क्रमांकावर होता त्या आठवड्याअखेरीस गॉडझिला तिसऱ्यावर होता. एका गॉडझिलाच्या जोरावर अमेरिकेत दर वर्षी वितरण चालवता येत नाही, हे तोहोला कळत असणार. त्यासाठी तिथली थिएटरं ओळखणारी माणसं लागतात, आणि तारीख जाहीर झाली की न विचारता तिकीट काढणारा प्रेक्षक लागतो. जपानमध्ये जिब्लीचे चित्रपट तोहोच लावते. दोन्ही किनाऱ्यांवरची होडी एका हाती आली.

सौद्यानंतरही बेकमन आणि अध्यक्ष डेव्हिड जेस्टेड आपापल्या जागी राहतील असं जाहीर झालं. तोहोने पैसे मोजले ते या माणसांसाठी, निर्मात्यांच्या विश्वासासाठी आणि प्रेक्षकांच्या सवयीसाठी, असं मी मानतो. कपाटातल्या हक्कांची मुदत कधीतरी संपतेच. 'केल्स'पासून 'वुल्फवॉकर्स'पर्यंत कार्टून सलूनचे चारही नामांकित चित्रपट अमेरिकेच्या थिएटरांत जीकिड्सनेच नेले. अकरा वर्षं एकच स्टुडिओ त्याच वितरकाकडे परत येतो, हे करारपत्रात लिहून मिळत नाही.

काळजीही आहे. किल्केनीतल्या कुठल्या नव्या, अनोळखी टोळीचा पहिला चित्रपट आता कोण घेईल? स्वतःच्या घरचे चित्रपट आधी लावायचे असतील तर परक्याच्या पोराला अंगण उरतं का? याचं उत्तर त्यांच्या येत्या काही वर्षांच्या याद्या देतील.

आणि एक काळजी इकडची. २०१५ मध्ये आपल्या सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटाला प्राइम टाइम देण्याचं बंधन घातलं. तरीही लहान मराठी चित्रपट शुक्रवारी लागतो आणि पुढच्या गुरुवारी उतरतो, हे आपण सगळे बघतो. त्याला परत लावायचा विचार कुणाच्या यादीत नसतो. 'तुंबाड' सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि त्याने २०१८ च्या मूळ कमाईला मागे टाकलं, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. नाटकाच्या प्रयोगांवर पिढ्या पोसलेल्या प्रदेशाला नवल वाटावं, याचं मला वाईट वाटतं.

मार्च २०२५ मध्ये, तोहोच्या सौद्यानंतर पाच महिन्यांनी, जीकिड्सने 'प्रिन्सेस मोनोनोके' नव्या ४के प्रतीतून अमेरिकेच्या आयमॅक्स पडद्यांवर लावला. तलवारीसोबत गेलेला हाच तो चित्रपट. १९९९ मध्ये तिथे त्याची थिएटरांतली सगळी कमाई मिळून साधारण २३ लाख डॉलर झाली होती. आयमॅक्सचं तिकीट महाग असतं आणि सव्वीस वर्षांत डॉलरही स्वस्त झाला, हे धरूनच पुढचा आकडा वाचावा : या खेपेला, तीनशेच्या आसपास पडद्यांवर, पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी सुमारे ४० लाख.